लक्ष्मीबाईकडचा मुक्काम

खोटं बोलायचंच असेल तर माणसानं एकदा बोलावं आणि गप्प बसावं. सिद्धोधन वाव्हळेनं तसं केलं नाही. तो अकरा वर्षं बोलत राहिला. तेही बायकोशी, आणि बायको अशी, की चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांची खोटी कारणं ऐकून मुरलेली. तरी ते खपलं. खपलं म्हणून तो सोकावला, आणि आता साठी उलटल्यावर ते अंगाशी यायची वेळ आली होती.

सिद्धोधन एसटीत ड्रायव्हर होता. एकतीस वर्षांत आपल्या गाडीखाली कोंबडीसुद्धा आली नाही, असं तो ज्याला त्याला सांगायचा, आणि ते मात्र खरं होतं. त्यातली निम्मी नोकरी मुक्कामी गाड्यांवर गेली. मुक्कामी गाडी म्हणजे संध्याकाळची शेवटची खेप घेऊन आडवळणाच्या गावाला जायचं, गाडी पारापाशी लावायची, रात्र तिथंच काढायची आणि पहाटे पहिली खेप घेऊन निघायचं. आठवड्यातल्या बहुतेक राती नवरा कुठल्या तरी गावात आणि आपण परभणीत दोन लेकरं घेऊन, असा सुकेशनीनं संसार केला. त्यामुळे दोघं निवृत्त झाल्यावर तिनं एकच हट्ट धरला.

"लोक केरळला जातेत, शिंगापूरला जातेत. मला काई नको. तुमी जिथं जिथं मुक्काम केला ना, ती गावं दाखवा. माझ्या जिंदगीतल्या निम्म्या राती कुठं गेल्या ते तरी बघू द्या."

मग गाडी आली. एका शाळेनं विकायला काढलेली जुनी ट्रॅव्हलर होती. सूर्यभान वेल्डरनं तिची बाकं काढली आणि दोन माणसांपुरता पलंग बसवला, पाण्याची टाकी आणि दोन शेगड्यांचा गॅस बसवला. पुण्याहून लेक धम्मदीपनं फोनवर फोटो बघून सांगितलं, "बाबा, याला कॅराव्हॅन म्हणतात." सिद्धोधन म्हणाला, "आमच्यात याला मुक्कामी गाडी म्हणतेत." रंगही त्यानं लालच दिला, आणि पुढच्या काचेवर पेंटरकडून पाटी लिहून घेतली : परभणी–मुक्काम.

त्या रंगानं आणि त्या पाटीनं व्हायचं ते झालं. पोखर्णीच्या रस्त्याला चार बायांनी हात केला, सिद्धोधनच्या पायानं डोक्याला न विचारता ब्रेक दाबला, आणि बाया चढून थेट पलंगावर जाऊन बसल्या. "नृसिंहाला जायचंय, चार फुल द्या." सुकेशनीनं त्यांना चहा पाजला आणि देवळापाशी सोडलं. सेलूकडं जाताना एका म्हाताऱ्यानं शेगडीकडं बघून "एसटीनं लय सुधारणा केली म्हणायची" असं कौतुकही केलं. आठ दिवसांत सात गावं झाली. प्रत्येक गावात कुणी ना कुणी ओळख काढली, कुणी समाजाच्या वस्तीवर जेवायला नेलं, कुणी पोराला बोलावून "हे आमचे वाव्हळे डायव्हर" म्हणून दाखवलं. सुकेशनी नवऱ्याकडं नव्यानं बघायला लागली होती, आणि या वयात बायको तसं बघते म्हणताना सिद्धोधनही जरा छाती काढून स्टिअरिंग धरायला लागला होता.

राहिलं होतं एकच गाव, पळसखोरी. जिंतूरच्या पुढं डोंगरात. "ते शेवटाला ठेवा," सुकेशनीनं आधीच सांगून ठेवलं होतं, "तिथं लक्ष्मीबाई हाय." तिनं ते नाव काढलं की सिद्धोधन उगाच गिअर बदलायचा, कारण लक्ष्मीबाई नावाची ती बाई त्यानं स्वतः जन्माला घातली होती.

झालं होतं असं. लग्नाला दोन वर्षं झाली आणि त्याला पळसखोरीचा मुक्काम लागला. सुकेशनीचा स्वभाव असा, की नवरा जेवला की नाही हे कळल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरायचा नाही. तेव्हा घरात फोन कुठला? मुक्कामाच्या रात्री ती तशीच झोपायची, आणि पोटात तर धम्मदीप होता. पळसखोरीत खाणावळ नव्हती, समाजाचं एकही घर नव्हतं. पहिल्या संध्याकाळी पारावरच्या लोकांनी मोठ्या अगत्यानं आडनाव विचारलं, त्यानं सांगितलं, आणि "बरं, बरं" म्हणत एकेक जण उठून गेला. कंडक्टर महारुद्र, त्याला तेवढं जेवायचं बोलावणं आलं. दुसऱ्या दिवशी घरी पोचल्यावर सुकेशनीनं दारातच विचारलं, "जेवलात का?" तिचे सुकलेले ओठ बघून सिद्धोधनच्या तोंडून निघून गेलं, "जेवलो की. एक लक्ष्मीबाई म्हणून हायत, लय मायाळू. पिठलं-भाकर वाढली. म्हणल्या, मुक्कामाला आलास की माझ्याकडंच जेवायचं."

त्या दिवसापासून सुकेशनी रात्री जेवायला लागली.

पण लक्ष्मीबाई एकदा घरात शिरली ती जायचं नाव घेईना. सुकेशनी विचारणार आणि हा सांगणार. लक्ष्मीबाईला दत्तराव नावाचा लेक निघाला, त्याचं लग्न झालं, म्हैस व्याली, बाईचा डावा गुडघा दुखायला लागला. एकदा सिद्धोधन चुकून उजवा म्हणाला तर सुकेशनीनं तिथल्या तिथं टोकलं. दर उन्हाळ्यात ती लक्ष्मीबाईसाठी कैरीच्या लोणच्याची बरणी पाठवायची. बरणी रिकामी होऊन परत यायची आणि सोबत निरोप यायचा, की असं लोणचं उभ्या जन्मात खाल्लं न्हाई. निरोप खोटा नव्हता, फक्त तो महारुद्रचा होता.

"मला दुसरं काई करायचं न्हाई," जिंतूर यायच्या आधी सुकेशनी म्हणाली. "त्या माउलीचा हात हातात धरून एवढंच म्हणायचंय, तुमी माझ्या माणसाला उपाशी ठेवलं न्हाई, म्हणून मला घास गोड लागला."

जिंतूरला डिझेल भरायला थांबले तेव्हा सिद्धोधननं बाजूला जाऊन महारुद्रला फोन लावला. महारुद्र आता सेलूला लेकाकडं असतो.

"अरे, बायको लक्ष्मीबाईला भेटायला निघालीय!"

पलीकडून आधी हसण्याचा आणि मग खोकल्याचा आवाज आला. "मग मारून टाक की बाईला. नव्वदीला टेकली असंल आता. कुणाला शंका यायची न्हाई."

सल्ला बिनतोड होता. गाडीत बसल्या बसल्या सिद्धोधननं चेहरा पाडून सांगितलं, की महारुद्रचा फोन झाला, लक्ष्मीबाई वारल्या. घाट लागला तेव्हा त्यानं कडेनं पाहिलं, तर ती पदरानं डोळे पुसत होती. जी बाई कधी नव्हतीच, तिच्यासाठी! सिद्धोधनला स्वतःची इतकी लाज वाटली, की खरं काय ते सांगून टाकावं म्हणून त्यानं तोंडही उघडलं.

"मग तर जायालाच पायजे," तेवढ्यात सुकेशनी म्हणाली. "दत्तरावला भेटू. दुखवट्याला जाऊ."

उघडलेलं तोंड त्यानं मिटलं. खोटं उघडं पडेल ही भीती होतीच, पण ती मामुली. फार तर बायको चार दिवस बोलणार नाही. त्याच्या जिवाला लागलेली गोष्ट वेगळी होती. आपल्या माणसाला एका गावानं अकरा वर्षं ताटावर बोलावलं नाही, हे तिला कळू नये, एवढंच त्याला पाहिजे होतं. आठ दिवस ती ज्या डोळ्यांनी त्याच्याकडं बघत होती, ते डोळे त्याला त्या गावात खाली गेलेले बघायचे नव्हते.

दिवेलागणीला गाडी पळसखोरीच्या पाराशी लागली. दोन-तीन माणसं होती, त्यांनी लाल गाडीकडं बघितलं आणि आपल्या वाटेनं गेली. सुकेशनी लगेच उतरायला निघाली.

"या वख्ताला दुखवट्याला जात न्हाईत," सिद्धोधन म्हणाला.

"कोण्या पुस्तकात लिवलंय?"

शिक्षिकेपुढं पुस्तकाचं नाव सांगणं अवघड, म्हणून त्यानं कंबर धरली. "लय दुखायलीय गं. सकाळी जाऊ." सुकेशनीनं त्याच्या कंबरेला बाम चोळला, सकाळच्या उरलेल्या भाकरी वाढल्या, आणि दत्तरावशी काय बोलायचं ते मनात जुळवत झोपी गेली. सिद्धोधनला काही झोप लागली नाही.

पहाटे साडेपाचला तो उठला. बेत साधा होता. ती झोपेत आहे तोवर गाडी हळूच काढायची, जागी होईपर्यंत जिंतूर गाठायचं आणि सांगायचं, की विचारून आलो, दत्तराव गाव सोडून गेलाय. सीटवर बसून त्यानं चावी फिरवली. इंजिन फारसा आवाज न करता सुरू झालं. आणि त्या पाराशी इंजिन सुरू झालं की त्याच्या हातानं अकरा वर्षं जे केलं होतं, तेच हातानं आताही केलं. दोन लांब हॉर्न, एक आखूड.

सुकेशनी ताडकन उठून बसली. तेवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं, पण गाव उठलं. समोरच्या घरात दिवा लागला. मग मागच्या आळीत. दुधाची कॅन घेतलेला एक जण पळत आला, पाठोपाठ बाजाराची पिशवी घेतलेल्या दोन बाया, आणि एक गडी तर एकाच पायात चप्पल घालून. "थांबा, थांबा! सुरू झाली का गाडी परत?" पळसखोरीची मुक्कामी गाडी बंद होऊन कितीतरी वर्षं झाली होती. घरोघरी मोटारसायकली आल्या आणि प्रवासी उरले नव्हते. पण तो हॉर्न लोकांच्या कानात तसाच होता.

चाळिशी ओलांडलेली एक बाई शाल गुंडाळत गर्दीतून पुढं आली, खिडकीशी येऊन तिनं आत पाहिलं आणि ओरडलीच, "वाव्हळे काका!"

ती रेणुका. गावच्या शाळेतली मॅडम, आणि पारासमोरच्या घरातल्या व्यंकटरावांची लेक. सिद्धोधननं तिला शेवटचं पाहिलं तेव्हा ती दोन वेण्यांत होती.

"हॉर्न ऐकला आन् झोपेतच वाटलं, कॉलेज चुकायलंय. तशीच पळाले बघा!" ती हसत गाडीत चढली आणि सुकेशनीचा हात धरून बोलायला लागली. "काकू, तुमाला ह्यांनी सांगितलंच असंल. मी जिंतूरला कॉलेजात जायचे. शेणपाणी, धारा, सगळं उरकून निघायला रोज उशीर. आमच्या अण्णांनी सांगून ठेवलं होतं, ज्या दिवशी गाडी चुकली त्या दिवशी कॉलेज बंद. तीन वर्षांत एकदाबी चुकली न्हाई. कामून, सांगा? काका रेडिएटरला पाणी घालत उभे ऱ्हायचे! माणसं बोंबलायची, अवो डायव्हर, किती पाणी पिती ही गाडी! मी गल्लीच्या तोंडाशी दिसले की लगेच टोपण लावायचे."

"आमची छबीबी तशीच शिकली," पिशवीवाली बाई खालून म्हणाली. "नर्स हाय आता." कुणी आणखी एक नाव घेतलं. पाच पोरी त्या पाण्यावर शिकल्या होत्या.

सुकेशनी नवऱ्याकडं वळली. "हे तुमी कधी बोलला न्हाईत."

"त्यात काय बोलायचं? पाणी तर घालायचो. आन् लेट गेलो म्हणून मेमो मिळायचे, ते काय घरी सांगायचे?"

बघा माणसाचं. नसलेली लक्ष्मीबाई अकरा वर्षं रंगवून सांगितली आणि जे खरं होतं, ऊर भरून सांगावं असं होतं, ते सांगायचं सुचलंही नाही. सुकेशनीची मान वर झाली होती, चेहरा उजळला होता. हे इथंच थांबावं, असं सिद्धोधनला फार वाटलं. पण ती रेणुकाला म्हणाली, "बाई, दत्तरावचं घर कुठलं गं? लक्ष्मीबाई वारल्या म्हणं. भेटून जावं म्हणते."

"कोण लक्ष्मीबाई?"

"असं काय करतीस? काकाला रोज जेवू घालायच्या त्या."

खाली माणसं एकमेकांकडं बघायला लागली. कुणी म्हणालं, लक्ष्मीबाई म्हणून एक होती, पण ती गाडी सुरू व्हायच्या आधीच लेकाबरोबर पुण्याला गेली. दुसरा म्हणाला, दत्तराव तर गावात कुणीच नाही. सिद्धोधन स्टिअरिंगवरची धूळ बोटानं पुसत बसला.

तेवढ्यात गर्दीनं वाट करून दिली. व्यंकटराव काठी टेकत येत होते. ऐंशीच्या पुढचा, वाकलेला माणूस, आणि मागे बायको मनकर्णाबाई. ते दाराशी थांबले.

"बाई, मी सांगतो," ते म्हणाले. "तुमच्या मालकाला जेवू घालणारी लक्ष्मीबाई ह्या गावात नव्हती. कुणीच नव्हतं. माझा ओटा ह्या पाराला लागून हाय, मला रोज दिसायचं. गाडीतला दिवा लावून हे दोघं जेवायचे. कंडक्टरला मी बोलवायचो. पहिल्या दिशी आला. दुसऱ्या दिशी म्हणला, दोघाला बोलवा, न्हाई तर ऱ्हाऊ द्या. मी ऱ्हाऊ दिलं. अकरा वर्षं ऱ्हाऊ दिलं." त्यांचा आवाज चिरकला, पण ते थांबले नाहीत. "माझी पोर ह्यांच्या गाडीत बिनघोर पाठवली, ह्यांच्यामुळं ती शिकली, आन् ह्यांना एक ताट दिलं न्हाई मी."

रेणुका बापाकडं बघत राहिली. सिद्धोधनला वाटलं, रस्ता दुभंगावा आणि गाडीसकट आपण आत जावं. ज्यासाठी एवढा खटाटोप केला तेच नेमकं झालं होतं. त्याला सुकेशनीकडं बघवेना.

"म्हंजी," सुकेशनीचा आवाज आला, "माझं लोणचं अकरा वर्षं खाल्लं कोण?"

"मी. आन् महारुद्रनं."

"आन् जेवायचात काय?"

"तू दुपारच्या डब्यात चार भाकरी द्यायचीस. दोन रातीला ठेवायचो."

"वाळून जायच्या असतील."

"लोणच्यासंगं चालायच्या."

मग त्यानं भीत भीत वर पाहिलं. सुकेशनीच्या डोळ्यांत पाणी होतं, पण मान खाली गेली नव्हती. उलट आठ दिवसांत कधी पाहिलं नव्हतं अशा नजरेनं ती त्याच्याकडं बघत होती. ज्या गावानं ताट दिलं नाही, त्या गावच्या पोरींसाठी हा माणूस रोज पहाटे न तापलेल्या रेडिएटरला पाणी घालत उभा राहिला, आणि घरी येऊन त्याच गावाची माया सांगत राहिला. हा माझा नवरा आहे, असं तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं, आणि ते गावातल्या कुणालाही वाचता आलं असतं.

व्यंकटराव म्हणाले, "आज माझ्या घरी चला. लय उशीर झालाय, तरी चला."

"येऊ की," सुकेशनी म्हणाली. आवाजात राग नव्हता. वर्गात उशिरा आलेल्या पोराला बाकावर बसवताना असायचा, तसा तो आवाज होता. "पण अण्णा, आमच्या दारात आधी तुमी आलाव. हे आमचं घर हाय. आधी आमच्यात न्याहारी करा, मग तुमच्याकडं येऊ."

व्यंकटरावांनी गाडीच्या पायरीकडं बघितलं. मग काठी लेकीच्या हातात दिली आणि सिद्धोधनपुढं हात केला. सिद्धोधननं तो धरून त्यांना वर घेतलं. मनकर्णाबाईही चढल्या. दोघं पलंगाच्या कडेला अवघडून बसले. सुकेशनीनं एका शेगडीवर चहा ठेवला, दुसरीवर तवा टाकला, आणि भाकरी थापायला बसली. खाली उभी असलेली माणसं कामाधामाची, पण कुणी हललं नाही. दुधवाल्यानं न विचारता कॅनमधलं दूध पातेल्यात ओतलं.

पहिली भाकर व्यंकटरावांना गेली. त्यांनी ती मोडली, लोणच्याला लावली आणि खाल्ली. म्हातारा मान खाली घालून सावकाश जेवत होता, आणि सिद्धोधन त्याच्या शेजारी ताट घेऊन बसला होता. अकरा वर्षांत त्या पाराशी एवढं ऊन ऊन तो पहिल्यांदाच जेवत होता.

मनकर्णाबाईंनी ताट खाली ठेवलं आणि पिठानं भरलेला सुकेशनीचा हात धरला.

"बाई, तुमचं नाव काय वो?"

सुकेशनीनं एकदा नवऱ्याकडं बघितलं.

"लक्ष्मीबाई," ती म्हणाली, आणि तव्यावरची भाकर काढून तिनं त्याच्या ताटात वाढली.